सही करण्यापूर्वी आणि सही केल्यानंतर

विमा, म्युच्युअल फंड आणि बँकांच्या शाखांमधून विकल्या जाणाऱ्या तत्सम योजना यांच्या विक्रीचा व्यवसाय सोडून मला आता बराच काळ लोटला आहे; तथापि मी एकेकाळी टेबलाच्या त्या बाजूला बसत असे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडून येणाऱ्या पृच्छा थांबलेल्या नाहीत, आणि त्यांचे स्वरूप वर्षानुवर्षे इतके सारखे राहिले आहे की, त्यांची उत्तरे एकदा व्यवस्थित लिहून काढणे अगत्याचे वाटू लागले. 'बँकेत मुदत ठेव करायला गेलो होतो आणि घरी विम्याचे कागद आले, आता काय करावे?', 'दोन हप्ते भरले, तिसरा भरावा की सोडून द्यावे?', 'एजंट सख्ख्या मावशीचा मुलगा आहे, त्याला नाही कसे म्हणावे?' या तीन प्रश्नांत बहुतेक सर्व पृच्छा सामावतात.

त्या व्यवसायातून बाहेर पडल्यावर जो धडा सर्वांत स्पष्ट झाला तो असा: विकणारा मनुष्य सामान्यतः लबाड नसतो, तो आपल्यासारखाच संसारी आणि कर्जाचे हप्ते फेडणारा असतो, परंतु त्याची मिळकत, त्याची बढती आणि महिनाअखेरच्या बैठकीतील त्याची पत ही आपण सही करता की नाही यावर अवलंबून असल्यामुळे, तो जे सांगतो ते अक्षरशः खरे असूनही आपल्या निर्णयासाठी अपुरे असू शकते. माहिती त्याच्याकडून जरूर घ्यावी; निर्णय मात्र त्याच्यासमोर, त्याच्या घाईने आणि केवळ त्याच्या शब्दांवर विसंबून करू नये. पुढील सर्व सूचना या एका तत्त्वातून निघालेल्या आहेत.

समोर बसलेली व्यक्ती कोणाची?

योजना चांगली की वाईट हे ठरविण्याआधी, ती सुचविणाऱ्याला मोबदला कोण देतो हे जाणून घ्यावे. आपल्याकडे सर्वसाधारणपणे चार प्रकारची माणसे येतात.

- विमा एजंट. हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि त्याचे कमिशन आपल्या हप्त्यातून जाते. दीर्घ मुदतीच्या बचतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि पुढे पाच टक्के, अशी मर्यादा अनेक वर्षे चालत आली. २०२३ साली ही उत्पादनवार मर्यादा काढून कमिशन ठरविण्याचा अधिकार एकूण खर्चमर्यादेच्या चौकटीत कंपन्यांच्या संचालक मंडळांकडे देण्यात आला. जुनी पॉलिसी मोडून नवी घेण्याचा सल्ला वारंवार का मिळतो, याचे एक कारण पहिल्या वर्षाच्या या भारी कमिशनमध्ये सापडते.
- बँकेतील रिलेशनशिप मॅनेजर. बँक ही विमा कंपनीची 'कॉर्पोरेट एजंट' असते. कमिशन बँकेला मिळते आणि टार्गेट या नोकरदाराच्या डोक्यावर असते. आपल्या खात्यात किती शिल्लक आहे आणि कोणती ठेव कधी पिकते, हे त्याला आधीच माहीत असते, ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी.
- म्युच्युअल फंड वितरक. याच्याजवळ 'एआरएन' हा नोंदणी क्रमांक असतो. गुंतवणूकदाराकडून प्रवेशशुल्क घेण्यास सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने १ ऑगस्ट २००९ पासून मनाई केली आहे. आता वितरकाला योजनेच्या खर्चातून, आपली रक्कम जोवर तेथे आहे तोवर, कमिशन मिळत राहते.
- नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार. सेबीच्या २०१३ च्या विनियमांखाली नोंदलेला हा मनुष्य आपल्याकडून थेट शुल्क घेतो आणि दिलेल्या सल्ल्यावर त्याला कोणत्याही कंपनीचे कमिशन घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो व तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

पहिल्या तिघांपैकी कोणाच्याही कार्डावर 'सल्लागार' किंवा 'वेल्थ मॅनेजर' असे छापलेले आढळले, तरी त्याचा मोबदला विक्रीतून येतो ही वस्तुस्थिती बदलत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, संकोच न करता, 'यातून आपल्याला किंवा आपल्या बँकेला काय मिळते?' असे विचारावे. प्रामाणिक विक्रेता या प्रश्नाने रागावत नाही.

नेहमी ऐकू येणारी वाक्ये आणि त्यांचा अर्थ

विक्रीची भाषा थोड्याच वाक्यांत फिरते आणि ती वाक्ये नवशिक्यांना प्रशिक्षणात पाठ करून दिली जातात. ग्राहकाला त्यांचा अर्थ आधी ठाऊक असेल, तर अर्धी फसगत टळते.

1. 'हे एफडीसारखेच आहे, व्याज तेवढे जास्त.' बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते (ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्यापूर्वी ती एक लाख होती), आणि सामान्य मुदत ठेव किरकोळ व्याज सोडून मुदतीआधी मोडता येते. विमा पॉलिसीला यांपैकी काहीही लागू नाही. 'या रकमेची ठेवपावती मिळेल काय?' एवढे विचारले, तरी सत्य बाहेर येते.

2. 'पाचच वर्षे भरायचे' किंवा 'एकदाच भरायचे'. यूलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या, पॉलिसीतून पाच वर्षे पैसे काढता येत नाहीत, हा नियम १ सप्टेंबर २०१० पासून आहे. पण पैसे अडकून राहण्याची मुदत आणि हप्ते भरण्याची मुदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रस्तावपत्रावर 'हप्ता भरण्याची मुदत' या रकान्यात १०, १५ किंवा २० असा कोणता आकडा आहे, तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. निवृत्तीची रक्कम एकरकमी गुंतवायला गेलेल्या वृद्धांना दरवर्षी तेवढ्याच रकमेचा हप्ता लागू झाल्याची प्रकरणे याच रकान्यातून उद्भवतात.

3. 'पैसे दुप्पट होतात.' किती वर्षांत, हा प्रश्न येथे महत्त्वाचा. समजा, दरवर्षाच्या आरंभी ५०,००० रुपये याप्रमाणे २० वर्षे भरून अखेरीस सुमारे १८ लाख ४० हजार रुपये मिळणार असतील, तर भरलेल्या १० लाखांचे जवळजवळ दुप्पट झाले हे खरे. पण चक्रवाढीने मोजता हा परतावा दरसाल सुमारे साडेपाच टक्केच पडतो. तीच रक्कम पीपीएफमध्ये, मूळ १५ वर्षांची मुदत पाच वर्षांनी वाढवून, वर्षारंभी भरत गेल्यास आणि एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर अखेरपर्यंत धरल्यास, सुमारे २२ लाख रुपये होतात.

4. 'सरकारची हमी आहे.' तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि आयुर्विमा महामंडळाच्या कायद्याच्या कलम ३७ अन्वये त्या महामंडळाच्या पॉलिसींवरील विमा रक्कम व जाहीर झालेला बोनस यांना केंद्र सरकारची हमी आहे. परंतु ही हमी कागदावर लिहिलेल्या रकमेची व जाहीर झालेल्या बोनसची आहे. एजंटाने वहीच्या पानावर मांडून दाखविलेल्या भावी बोनसची नाही. खाजगी विमा कंपन्यांना तर हे कलम लागूच नाही.

5. 'कर वाचेल.' नवी करप्रणाली २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आपोआप लागू होणारी झाली आहे आणि तिच्यात विम्याच्या हप्त्यावरील पूर्वीची वजावट मिळत नाही. आपण कोणत्या प्रणालीत कर भरता, हे ठरल्याशिवाय मार्च महिन्यात कर वाचविण्यासाठी कोणतीही पॉलिसी घेऊ नये.

6. 'लॉकर हवा असेल, कर्ज हवे असेल, तर पॉलिसी घ्यावी लागते.' रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार लॉकरसाठी बँक फार तर तीन वर्षांचे भाडे आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढी मुदत ठेव मागू शकते. विमा पॉलिसीचा त्यात समावेश नाही. गृहकर्जाबरोबर दिला जाणारा एकरकमी हप्त्याचा विमा पुष्कळदा कर्जातच मिळविला जातो आणि त्याच्या हप्त्यावरही आपण वर्षानुवर्षे व्याज भरता. ज्या नियमानुसार तो सक्तीचा आहे, तो नियम लेखी दाखविण्यास सांगावे.

7. 'ही योजना याच महिन्यात बंद होत आहे.' बंद होणारी योजना असते तशी महिनाअखेर गाठणारी टार्गेटेही असतात. एक योजना बंद झाली तर दुसरी येते.

सही करण्यापूर्वी पाळावयाच्या पायऱ्या

पहिली पायरी: गरज स्वतः लिहून काढावी. आपल्या पश्चात आपल्या मिळकतीवर कोण अवलंबून आहे, किती वर्षे आणि किती खर्चासाठी, हे एका कागदावर मांडावे. संरक्षण हवे असेल तर मुदतीचा विमा, म्हणजे ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात तो, घ्यावा. त्यात मुदतीअखेर काही परत मिळत नाही, आणि म्हणूनच थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण मिळते. वार्षिक मिळकतीच्या दहा ते पंधरा पट हा प्रचलित ठोकताळा आहे. डोक्यावर कर्ज असल्यास ती रक्कम त्यात मिळवावी. बचतीचा विचार स्वतंत्र करावा. या दोन गरजा एकाच पॉलिसीत भागविण्याचा प्रयत्न केला, म्हणजे संरक्षण तुटपुंजे राहते आणि बचतही मंद वाढते. आपल्यावर कोणीही अवलंबून नसेल, तर आयुर्विम्याची गरजच नाही, हेही निःसंकोच मान्य करावे.

दुसरी पायरी: प्रश्न लेखी विचारावेत. तोंडी उत्तराला पुढे पुरावा नसतो. म्हणून भेट संपल्यावर विक्रेत्याला संदेश किंवा ईमेल पाठवून पुढील बाबींची लेखी उत्तरे मागावीत:

- हप्ता किती, किती वर्षे भरायचा आणि पॉलिसीची एकूण मुदत किती?
- अखेरीस निश्चित मिळणारी रक्कम किती, आणि केवळ अपेक्षित असलेली किती?
- तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी सोडल्यास हाती काय येईल?
- मृत्यू झाल्यास वारसांना किती रक्कम मिळेल?
- सर्व शुल्के वजा जाता वार्षिक परतावा किती टक्के पडतो?

बचतीच्या पॉलिसीबरोबर कंपनीने लाभांचा वर्षवार तक्ता, म्हणजे बेनिफिट इलस्ट्रेशन, देणे आणि त्यावर आपली सही घेणे आवश्यक असते. तो तक्ता घरी आणून वाचावा. यूलिपच्या बाबतीत त्यात चार आणि आठ टक्के अशा दोन गृहीत दरांनी आकडे दिलेले असतात. त्यांपैकी एकही दर हमीचा नसतो.

तिसरी पायरी: प्रस्तावपत्र स्वतः भरावे. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या अर्जावर सही करणे, तसेच मोबाईलवर आलेला ओटीपी विक्रेत्याला सांगून टाकणे, हे स्वतःच्या हक्कांवर सोडलेले पाणी आहे. मधुमेह, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया, तंबाखूचे व्यसन हे सर्व जसेच्या तसे लिहावे. 'ते लिहिले तर पॉलिसी अडकेल' असे सांगणारा एजंट वारसांचा दावा नाकारला जाईल त्या वेळी जवळ नसतो. विमा अधिनियम १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणास्तव तिच्या वैधतेवर हरकत घेता येत नाही. परंतु त्या तीन वर्षांच्या आत माहिती लपविल्याचे सिद्ध झाल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो.

चौथी पायरी: पडताळणीच्या दूरध्वनीला प्रामाणिक उत्तर द्यावे. पॉलिसी देण्यापूर्वी अथवा दिल्यानंतर कंपनीकडून दूरध्वनी येतो आणि तो ध्वनिमुद्रित होतो. 'सगळ्याला हो म्हणा' अशी सूचना विक्रेत्याने दिली असेल, तर ती सूचना हाच धोक्याचा इशारा समजावा. पुढे तक्रार केली असता कंपनी हेच ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून हजर करते. जे सांगितले गेले नव्हते ते त्याच वेळी 'मला हे सांगितलेले नाही' असे स्पष्टपणे म्हणावे.

पाचवी पायरी: ऐकण्याचा दिवस आणि सहीचा दिवस वेगळा ठेवावा. मधे किमान एक आठवडा जाऊ द्यावा आणि त्या आठवड्यात घरातील दुसऱ्या एका जाणत्या व्यक्तीला कागद वाचायला द्यावेत. माझ्या मते साऱ्या सूचनांत ही सर्वांत गुणकारी आहे. कारण विक्रीचे सारे तंत्र पहिल्याच बैठकीत होकार मिळविण्यावर रचलेले असते.

पॉलिसी हाती आल्यानंतरचे ३० दिवस

पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, अटी मान्य नसल्यास ती परत करण्याचा हक्क प्रत्येक विमेदाराला आहे. यास 'फ्री-लुक' मुदत म्हणतात. पूर्वी ती सामान्यतः १५ दिवसांची होती. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनी ती १ एप्रिल २०२४ पासून सरसकट ३० दिवसांची केली. त्या काळातील जोखमीचा प्रमाणशीर हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढेच वजा करून उर्वरित रक्कम परत मिळते. दस्तऐवज आता बहुधा ईमेलने येतो आणि मुदत तेव्हापासून मोजली जाऊ शकते. म्हणून अर्जात कोणाचा ईमेल व मोबाईल क्रमांक नोंदला आहे, ते तपासावे. एजंटाचाच क्रमांक नोंदला गेल्याचे आढळल्यास तत्काळ दुरुस्त करून घ्यावा.

अर्ज एजंटाच्या हाती देऊ नये. कंपनीच्या शाखेत देऊन पोच घ्यावी आणि त्याच दिवशी ईमेलही करावा. मसुदा पुढीलप्रमाणे पुरेसा आहे:

> विषय: पॉलिसी क्र. ______ फ्री-लुक मुदतीत रद्द करून हप्ता परत मिळण्याबाबत.
>
> महोदय, सदर पॉलिसीचा दस्तऐवज मला दि. ______ रोजी मिळाला. विक्रीच्या वेळी मला सांगितलेली हप्ता भरण्याची मुदत व लाभ हे दस्तऐवजातील अटींशी जुळत नसल्याने मला ती मान्य नाही. सबब फ्री-लुक मुदतीच्या तरतुदीनुसार पॉलिसी रद्द करून भरलेली रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. रद्द केलेला धनादेश व पॉलिसीची प्रत सोबत जोडली आहे. अर्जाची पोच द्यावी, ही विनंती.

या अर्जानंतर विक्रेत्याचे व त्याच्या वरिष्ठांचे दूरध्वनी येतील, 'एक वर्ष ठेवा, मग बघू' असे सांगितले जाईल. त्यांची कारणे काहीही असोत, ३० दिवसांची मुदत त्यांच्या विनवणीने वाढत नाही.

मुदत उलटून गेली असल्यास

येथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण भरलेल्या पैशांचे दुःख पुढच्या निर्णयाच्या आड येते. आजपर्यंत भरलेली रक्कम कोणत्याही वाटेने पूर्ण परत येणार नाही, हे एकदा स्वीकारावे आणि तुलना फक्त एवढीच करावी: यापुढे जे हप्ते भरावे लागतील, त्यांच्या मोबदल्यात यापुढे काय मिळेल? त्यासाठी कंपनीकडून आजचे सरेंडर मूल्य (म्हणजे पॉलिसी आज सोडल्यास मिळणारी रक्कम), पेड-अप मूल्य आणि मुदतीअखेरची अंदाजित रक्कम, असे तीन आकडे लेखी मागवावेत.

- चालू ठेवणे. मुदत संपण्यास थोडीच वर्षे उरली असतील, तर पारंपरिक पॉलिसी पूर्ण करणे बहुधा हिताचे ठरते. जुना बोनस व अखेरचा अतिरिक्त बोनस हे शेवटी पदरात पडतात.
- पेड-अप करणे. पुढील हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेने चालू ठेवता येते. उदाहरणार्थ, पाच लाखांच्या २० हप्त्यांच्या पॉलिसीत पाच हप्ते भरले असतील, तर विमा रक्कम सव्वा लाख राहते, आणि तोवर जमा झालेला बोनस तिच्यात मिळतो. ज्यांना रकमेची आज निकड नाही, पण पुढचे ओझे नको आहे, त्यांना हा मार्ग सोयीचा.
- सरेंडर करणे. पारंपरिक पॉलिसीवर दुसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के आणि चौथ्या ते सातव्या वर्षात ५० टक्के, असे हमीचे किमान मूल्य २०१९ च्या विनियमांनी ठरविले. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या योजनांत पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यांनाही विशेष सरेंडर मूल्य मिळण्याची तरतूद झाली आहे.
- यूलिप थांबविणे. पाच वर्षांच्या आत हप्ते बंद केल्यास रक्कम वेगळ्या निधीत वर्ग होते, तिच्यावर किमान चार टक्के व्याज मिळते आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ती हाती येते. बंद करण्याचे शुल्क पहिल्या वर्षीही ६,००० रुपयांपेक्षा अधिक नसते आणि पाचव्या वर्षापासून ते शून्य असते. 'सोडली तर सगळे बुडेल' ही भीती २०१० पूर्वीच्या पॉलिसींच्या आठवणीतून आलेली आहे.

या टप्प्यावर तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. संरक्षणाची गरज असेल तर नवा टर्म विमा मंजूर होऊन लागू झाल्याखेरीज जुनी पॉलिसी सोडू नये. वय व प्रकृती यांमुळे नवा अर्ज नाकारला जाऊ शकतो. पारंपरिक पॉलिसी दोन वर्षांच्या आत आणि यूलिप पाच वर्षांच्या आत सोडल्यास पूर्वी घेतलेली करसवलत परत करावी लागू शकते. आणि 'आपल्या बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे, तो सोडविण्यासाठी अमुक रक्कम भरा' असा दूरध्वनी नियामक प्राधिकरणाच्या किंवा विमा लोकपालांच्या नावाने आला, तर तो निखालस खोटा समजावा; नियामक प्राधिकरण पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करीत नाही.

म्युच्युअल फंडाबाबत एकच निर्णय

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत 'डायरेक्ट' आणि 'रेग्युलर' असे दोन प्रकार आहेत. दोहोंतील गुंतवणूक एकच असते. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन खर्चात धरलेले असते. केवळ गणित म्हणून पाहता, दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी २० वर्षे चालवून वार्षिक दर १२ टक्के धरल्यास, मासिक चक्रवाढीने, सुमारे १ कोटी होतात आणि ११ टक्के धरल्यास सुमारे ८७ लाख. म्हणजे एका टक्क्याचा फरक साडेबारा लाखांचा पडतो. वितरक आपले कागदोपत्री काम करीत असेल, बाजार पडल्यावर धीर देत असेल आणि घरातील वारसांना पुढे मदत करील असा भरवसा असेल, तर त्याचा मोबदला देण्यात काहीच गैर नाही. परंतु तो मोबदला किती आहे हे आपणांस ठाऊक असले पाहिजे. एकत्रित खाते विवरणात ही रक्कम सहामाही छापलेली असते. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाताना मात्र ती विक्री समजली जाते, म्हणून निर्गमन शुल्क आणि कर यांचा हिशेब आधी करावा.

तक्रार कोठे आणि कशी करावी?

क्रम महत्त्वाचा आहे. पहिली तक्रार नेहमी संबंधित कंपनीच्या किंवा बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी व तिचा क्रमांक जपून ठेवावा. त्याशिवाय वरची दारे उघडत नाहीत.

- विमा. नियामक प्राधिकरणाच्या 'बिमा भरोसा' या व्यवस्थेत तक्रार नोंदविता येते. दूरध्वनी १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२. कंपनीने तक्रार फेटाळल्यास, एक महिन्यात उत्तर न दिल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे. नकाराच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत ही तक्रार करावी लागते, ५० लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकिलाची गरज नसते. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.
- बँक. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा समाधान न केल्यास, १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल व्यवस्थेत रिझर्व्ह बँकेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी दूरध्वनी १४४४८.
- म्युच्युअल फंड व शेअर. सेबीच्या 'स्कोअर्स' या व्यवस्थेत तक्रार नोंदवावी.
- ग्राहक आयोग. कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते.

तक्रारीत राग कमी आणि तारखा अधिक असाव्यात. कोणी, कोठे, कोणत्या दिवशी, काय सांगितले; कागदात काय निघाले; आणि आपणांस नेमके काय हवे आहे, एवढे क्रमाने लिहून संदेशांच्या प्रती जोडाव्यात. साठीच्या पुढील व्यक्तीला १५ वा २० वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी विकली असेल, तर वय, मिळकतीचे साधन आणि हप्ता यांतील विसंगती ठळकपणे मांडावी. अयोग्य विक्रीचा यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच असतो.

नात्यातला एजंट

हा प्रश्न पैशाचा कमी आणि संकोचाचा अधिक आहे. नव्या एजंटाची पहिली यादी नातलगांची आणि शेजाऱ्यांचीच करून घेतली जाते, ही या व्यवसायाची जुनी रीत आहे. तेव्हा तो आपल्याकडे आला यात त्याचा दोष मानू नये. त्याला आदराने, पण पहिल्याच भेटीत स्पष्ट उत्तर द्यावे. 'आमच्या घरात विमा आणि बचत वेगळी ठेवायचे ठरले आहे. टर्म विमा घेण्याची वेळ आली की तुझ्याकडूनच घेऊ' हे उत्तर नातेही राखते आणि निर्णयही. त्याला मदतच करावयाची असेल, तर वीस वर्षांचा करार त्यासाठी करू नये.

'पहिल्या हप्त्यातले माझे कमिशन तुम्हाला परत देतो' असे त्याने सुचविल्यास ते मान्य करू नये. विमा अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणे आणि घेणे या दोन्हींना मनाई असून दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

जे आज या व्यवसायात आहेत त्यांना

विक्रीची नोकरी करणाऱ्या तरुण वाचकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. ग्राहकाला सांगितलेली प्रत्येक गोष्ट लेखी पाठविण्याची सवय ठेवल्यास उद्या चौकशी झाली तर तीच आपली ढाल ठरते, कारण वरिष्ठांचे तोंडी हुकूम चौकशीत कोणी कबूल करीत नाही. नोकरी स्वीकारताना, पॉलिसी रद्द झाल्यास प्रोत्साहनभत्ता परत वसूल होतो काय, हे नियुक्तिपत्रात पाहावे. नोकरी सोडताना आपल्या ग्राहकांना पुढे कोणाशी संपर्क साधावा हे कळवून, कार्यमुक्तीचे पत्र व भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पूर्ण करून घ्याव्यात. आणि स्वतःच्या आईवडिलांना जी योजना आपण विकणार नाही, ती दुसऱ्याच्या आईवडिलांना विकण्याचा हुकूम वारंवार येऊ लागला, तर त्या नोकरीबाहेर पडण्याचा विचार अवश्य करावा. ग्राहकाशी सरळ बोलण्याचे आणि आकडे समजावून सांगण्याचे जे कौशल्य येथे कमावले, त्याला अन्यत्रही मोल आहे.

आपणांस एक विनंती

या आठवड्यात घरातील सर्व पॉलिसी आणि फंडांची विवरणे बाहेर काढून एका कागदावर प्रत्येकीचा क्रमांक, हप्ता, किती वर्षे भरायचा, कधी संपते आणि नामनिर्देशन कोणाचे, एवढे लिहून काढावे व तो कागद घरातील दुसऱ्या व्यक्तीला दाखवावा. आईवडील वेगळे राहात असतील, तर त्यांच्या बँकेच्या पासबुकातील मोठ्या वजावटी एकदा त्यांच्यासोबत बसून पाहाव्यात आणि अलीकडे आलेले विम्याचे टपाल व ईमेल उघडून वाचावेत. कारण परत करण्याची ३० दिवसांची मुदत दस्तऐवज हाती पडल्यापासून सुरू होते, आणि तो कोणी वाचलाच नाही या सबबीवर ती थांबत नाही.